रेडिंगचे रस्ते, पब आणि भिंती टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन हाकेच्या अंतरावर असताना रेडिंगमध्ये कशाला फोटो काढायचे?

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेडिंगची वेगवान गाडी पकडली तर अर्धा तासही लागत नाही, हे खरं. रेडिंगची अडचणही तीच आहे. इथे लोक गाडी बदलायला उतरतात, नोकरीसाठी राहतात, आणि पाहुणे आले की त्यांना विंडसरला किंवा ऑक्सफर्डला घेऊन जातात. अनेकदा अर्ज करूनही या गावाला ‘सिटी’चा दर्जा मिळालेला नाही, कागदोपत्री ते अजून टाउनच आहे. पोस्टकार्डावर छापावं असं फारसं काही नाही. म्हणूनच रस्त्यावरच्या फोटोग्राफीला ते सोयीचं आहे. बिग बेनसमोर उभं राहिलात की हात आपोआप आधी हजारदा निघालेल्या फोटोकडे वळतो. ऑक्सफर्ड रोडवरच्या न्हाव्याच्या दुकानासमोर तसं होत नाही, तिथे स्वतःच बघावं लागतं.

एकेकाळी हे गाव तीन गोष्टींवर चालायचं: बियर, बिस्किटं आणि बियाणं. सायमंड्सची ब्रुअरी, हंटली अँड पामर्सचा बिस्किट कारखाना आणि सटन्स सीड्स. आज तिन्ही इथून गेलेत. कामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा मात्र आहेत, आणि त्यात आता पोलिश, नेपाळी, पंजाबी, कॅरिबियन, तमिळ कुटुंबं राहतात. अर्ली आणि वुडली या उपनगरांकडे गेलात तर आयटीतली मराठी मंडळीही भेटतील.

शिवाय फोटोग्राफीच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण याच गावात घडलंय. रोज त्या गल्लीतून जाणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसतं.

कुठलं प्रकरण?

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढायची पद्धत शोधली. तो राहायचा विल्टशरमधल्या लेकॉकला. त्याचा जुना नोकर निकोलास हेनेमन याने १८४४ मध्ये रेडिंगला एक छापखाना सुरू केला. तिथे शाईऐवजी उजेडाने छपाई व्हायची. जागा निवडण्यामागचा हिशेब साधा होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८४० मध्ये रेडिंगपर्यंत आली होती, आणि लेकॉक व लंडन यांच्यामध्ये हे गाव पडतं. टॅल्बटच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकासाठी लागणारे फोटो इथेच हाताने छापले गेले. फोटो चिकटवलेलं आणि विक्रीसाठी काढलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं.

त्या जागेचा १८४६ च्या सुमाराचा, दोन भागांत घेतलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. अंगणात कोणी माणसाचं पोर्ट्रेट घेतंय, कोणी पुतळ्याचा फोटो काढतंय, एका बाजूला लाकडी चौकटींत कागद उन्हात ठेवलेत. छपाई उन्हावर चालायची, म्हणजे ढग आले की काम ठप्प. इंग्लंडमध्ये असा धंदा काढायला काय छाती लागली असेल! १८४७ च्या आसपास हेनेमनने गाशा गुंडाळला आणि तो लंडनला गेला.

हा छापखाना होता तेव्हाच्या रसेल टेरेसवर, म्हणजे आजच्या बेकर स्ट्रीटवर. घर क्रमांक ५५. लोक तिथे राहतात, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून बघा आणि पुढे चला. आणखी एक गोष्ट सांगतात. एवढी रसायनं विकत घेणारी, फारसं कोणाशी न बोलणारी ही परकी माणसं नोटा तर छापत नाहीत ना, अशी गावात कुजबुज होती. कॅमेरेवाल्याकडे संशयाने बघण्याची परंपरा या गावात निदान तेवढी जुनी आहे.

मग आजचं काय? रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढणं कायद्यात बसतं का?

बसतं. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. माणसांचे, इमारतींचे, दुकानांचे, पोलिसांचेसुद्धा काढता येतात. हौशी फोटोसाठी लायसन्स वगैरे काही नसतं. दहशतवादविरोधी कायदा २००० च्या कलम ४३ खाली, वाजवी संशय असेल तर पोलीस तुम्हाला थांबवून झडती घेऊ शकतात आणि कॅमेऱ्यातले फोटो बघू शकतात. ते फोटो पुसून टाका असं सांगण्याचा किंवा स्वतः पुसण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. संशयाचं कारण नसतानाही झडती घेऊ देणारं जुनं कलम ४४ फोटोग्राफर मंडळींना फार छळायचं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला आणि नंतर ते रद्द झालं.

गोंधळ होतो तो ‘सार्वजनिक’ कशाला म्हणायचं यावर. ओरॅकल हे मॉल आहे, १९९९ साली उघडलेलं. केनेट नदीच्या काठाने तिथे सगळे मोकळेपणी फिरतात, तरी जागा खासगी आहे. सुरक्षारक्षकाने कॅमेरा आत ठेवा म्हटलं तर ठेवायचा. तो तुम्हाला बाहेर काढू शकतो, कॅमेरा मात्र हिसकावू शकत नाही. रेल्वे स्टेशनवर हौशी फोटो चालतात, पण फ्लॅश नको, आणि प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेच्या अलीकडेच राहायचं.

लहान मुलांचं काय? रस्त्यावर मूल फ्रेममध्ये आलं तर गुन्हा होत नाही. पण इथले आईबाप याबाबतीत हळवे आहेत, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकत नाही. शाळेच्या फाटकासमोर किंवा खेळाच्या मैदानाजवळ कॅमेरा पिशवीतच बरा.

कोणी हटकलंच तर?

हसायचं, कॅमेरा खाली करायचा, आणि काय टिपत होतो ते खरं सांगायचं. “त्या विटांवर ऊन छान पडलंय” हे उत्तर बहुतेक वेळा पुरतं, कारण इंग्रज माणसाला हवेबद्दल बोलायला निमित्तच हवं असतं. फोटो दाखवायचा. तरी समोरचा नाराज असेल तर पुसून टाकायचा. कायद्याने बंधनकारक नाही, पण एका फोटोपायी कोणाचा दिवस कशाला खराब करायचा? कलमं पाठ करून वाद घालणारे फोटोग्राफर मला आवडत नाहीत. हक्क असणं वेगळं आणि तो दरवेळी वाजवून दाखवणं वेगळं.

एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. सावळा पुरुष, एकटा, गळ्यात मोठा कॅमेरा घालून निवासी गल्लीत रेंगाळला तर खिडकीचे पडदे हलतात. गोऱ्या निवृत्त आजोबांसाठी तेच पडदे तितके हलत नाहीत. यावर उपाय म्हणून मी लहान कॅमेरा वापरतो आणि भरदिवसा जातो. त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा गेलं की लोक ओळखू लागतात, हाही एक फायदा.

सुरुवात कुठल्या रस्त्यापासून करावी?

विटांपासून. रेडिंगच्या जुन्या घरांमध्ये लाल विटांच्या मध्ये राखाडी, फिकट विटांची नक्षी असते. कुठे चौकटी, कुठे पट्टे, तर कुठे खिडकीवर कमानी. आजूबाजूला माती उत्तम होती, टाइलहर्स्टकडे मोठ्या वीटभट्ट्या होत्या. मजुराच्या दोन खोल्यांच्या घरालाही ही नक्षी आहे. न्यूटाउन, केट्सग्रोव्ह आणि ऑक्सफर्ड रोडच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या यासाठी बघाव्यात. घरासमोरचे कचऱ्याचे चाकांचे डबे फ्रेममधून वगळायची धडपड करू नका. वीस वर्षांनी बघणाऱ्याला डब्यांचीच जास्त गंमत वाटेल.

ऑक्सफर्ड रोड स्वतः लांबलचक आणि गोंगाटाचा आहे. पोलिश किराणा, हलाल खाटीक, मोबाइल दुरुस्ती, केशकर्तनालयं, जुनी चर्चेस, सगळं एका ओळीत. १७ नंबरची जांभळी बस सतत येत-जात असते. रेडिंगच्या बसमार्गांना रंग दिलेले आहेत, त्यामुळे ढगाळ दिवशी राखाडी रस्त्यावर तो जांभळा ठिपका आयता मिळतो. बसथांब्यावरची रांग बघा. कोणी ढकलत नाही, तरी आपल्या आधी कोण आणि मागे कोण याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का.

गावाच्या मध्यात ब्रॉड स्ट्रीट आणि फ्रायर स्ट्रीट यांना जोडणारी एक अरुंद गल्ली आहे, युनियन स्ट्रीट. तिला सगळे ‘स्मेली अॅली’ म्हणतात, कारण तिथे मासळीची आणि मटणाची दुकानं होती. दादरच्या मासळी बाजारातून आलेल्या माणसाला तो वास कुठे आहे हे शोधावं लागेल, पण फोटोसाठी गल्ली झकास आहे: वरून उजेडाची एक पट्टी येते आणि माणसं तिच्यात शिरतात, बाहेर पडतात. एका बाजूला उभं राहून वाट बघितली की काम होतं.

उजेडाचं गणित भारतापेक्षा किती वेगळं आहे?

फार. रेडिंग साडेएक्कावन्न अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या मध्यावर भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. त्यामुळे इथे हिवाळ्यात ऊन पडलं तर ते दिवसभर तिरकंच असतं. सावल्या रस्ताभर लांबतात, समोरून येणाऱ्या माणसाभोवती उजेडाची कड येते. आपल्याकडे सकाळी सातला उठून मिळवावा लागतो तो उजेड इथे दुपारी बाराला मिळतो. फक्त वेळ कमी असतो. सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आतच मावळतो.

जूनमध्ये सगळं उलट. पहाटे पावणेपाचला उजाडतं आणि रात्री सव्वानऊनंतरही आकाशात उजेड असतो. ऑफिस सुटल्यावर तीन-चार तास फिरता येतं.

आणि ढग? ढगाळ दिवसांची तक्रार करू नका. भित्तिचित्रांसाठी तोच उजेड उत्तम, कारण रंग खरे दिसतात आणि भिंतीवर झाडाची सावली आडवी येत नाही. पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासात बाहेर पडा, ओल्या फुटपाथवर पबच्या दिव्यांची प्रतिबिंबं असतात.

पबचे बाहेरून फोटो काढताना काय बघायचं?

आधी पाटी. पबबाहेर टांगलेल्या चित्राच्या पाटीला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ मध्ये एल ही बियर विकणाऱ्यांना पाटी लावणं सक्तीचं केलं. बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून नावाऐवजी चित्र. डोकं, सिंह, घोडा, मुकुट. पाटीचा फोटो मान वर करून सरळ काढला की कंटाळवाणा होतो. रस्त्याच्या पलीकडून, खाली चालणाऱ्या माणसासकट काढा.

मग काच. जुन्या पबच्या खिडक्यांवर कोरीव अक्षरं असतात आणि त्यात अनेकदा ब्रुअरीचं नाव सापडतं. सायमंड्सने १७८५ मध्ये इथे धंदा सुरू केला आणि १९६० मध्ये ती करेज या दुसऱ्या ब्रुअरीत विलीन झाली, पण तिचं लाल हॉपचं (बियरमध्ये घालतात त्या वेलीचं) पान ही खूण गावातल्या जुन्या भिंतींवर डोळसपणे शोधावी. ब्रिज स्ट्रीटवर नदीकाठी जिथे ब्रुअरी होती, तिथे आता ओरॅकल मॉल पसरलंय.

१ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे. याचा फोटोग्राफरला झालेला फायदा कोणी बोलून दाखवत नाही: आत बसणारी माणसं आता दारात येऊन उभी राहतात. संध्याकाळी कुठल्याही पबसमोर एक छोटं नाटक चालू असतं. त्यांना विचारून फोटो काढा, बहुतेक जण खुशीने उभे राहतात.

बंद पडलेले पबही टिपा. कुठे फ्लॅट झालेत, कुठे किराणा दुकान, पण कोपऱ्यावरचं तिरकं दार आणि वरचा रिकामा लोखंडी हात सांगतो की इथे पाटी लटकायची.

आत जाऊन फोटो काढता येतात का? मी पीत नाही, तरी चालेल?

पब ही खासगी जागा आहे, म्हणून विचारायचं. पण विचारायच्या आधी काहीतरी मागवायचं. लाइम-सोडा, कॉफी, आल्याची बियर ज्यात दारू नसते, काहीही चालतं. कोणी वर-खाली बघत नाही. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बारपाशी जाऊन स्वतः मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी आलेल्याला पुढे जाऊ द्यायचं. ग्लास हातात आला की बारमागच्या माणसाला विचारा, “जागेचे दोन-चार फोटो काढले तर चालतील का?” नकार मला क्वचितच मिळालाय.

उत्तम वेळ म्हणजे दुपारी तीन ते पाच. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची आलेली नसते. खिडकीतून तिरका उजेड टेबलावर पडतो, एखादे आजोबा पेपर घेऊन बसलेले असतात, पायाशी कुत्रा. फ्लॅश अजिबात नको. खिडकीजवळच्या टेबलावर अॅपर्चर २, शटर एकसाठांश आणि आयएसओ १६०० ते ३२०० एवढ्यात भागतं. बियर काढायचा पितळी हँडपंप, ओल्या ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती, फळ्यावर खडूने लिहिलेली क्विझची तारीख, घासून गुळगुळीत झालेली बाकं, हे सगळं माणसाचा चेहरा न दाखवताही माणसांबद्दल बोलतं. फुटबॉल सामन्याच्या दिवशी मात्र कॅमेरा काढू नका.

सेंट मेरीज बट्सवरचा ‘अलाइड आर्म्स’, सेंट जॉन्स स्ट्रीटवर घरांच्या रांगेतच दडलेला ‘रिट्रीट’, आणि रसेल स्ट्रीटवरचा ‘नॅग्ज हेड’, या तीन जागांपासून सुरुवात करा. तिसरा हेनेमनच्या छापखान्याच्या जागेपासून अगदी जवळ आहे. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही घेऊन जा. पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम अशी समजूत असते. इथे रविवारी दुपारी नातवंडांसह कुटुंबं जेवायला बसलेली पाहिली की ती अर्ध्या तासात जाते.

बँक्सीचं चित्र कुठे आहे?

बँक्सी म्हणजे ओळख लपवून भिंती रंगवणारा प्रसिद्ध ब्रिटिश कलाकार. त्याचं चित्र आहे फोर्बरी रोडवर, रेडिंग तुरुंगाच्या बाहेरच्या लाल विटांच्या भिंतीवर. १ मार्च २०२१ ला सकाळी लोकांना ते दिसलं. कैद्याच्या कपड्यातला एक माणूस चादरी बांधून केलेल्या दोराने खाली उतरतोय, आणि दोराच्या टोकाला टाइपरायटर आणि कागद. लेखक ऑस्कर वाइल्ड याच तुरुंगात १८९५ ते १८९७ असा होता, समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली शिक्षा भोगत, आणि सुटल्यावर त्याने या तुरुंगावर दीर्घ कविता लिहिली. तुरुंग २०१३ च्या शेवटी बंद झाला होता आणि इमारतीचं काय करायचं यावर गावात वाद चालू होता. कलाकेंद्र व्हावं म्हणणाऱ्यांच्या बाजूने बँक्सीने भिंतीवरच मत दिलं.

दोन-तीन आठवड्यांतच कोणीतरी टाइपरायटरवर लाल रंगाने ‘टीम रोबो’ लिहून ठेवलं. किंग रोबो हा लंडनचा जुना ग्राफिटीवाला. २००९ मध्ये बँक्सीने कॅमडनच्या कालव्याकाठी त्याच्या जुन्या कामावर रंगवलं आणि दोघांत युद्ध पेटलं. रोबो २०१४ मध्ये वारला, त्याचे पाठीराखे मात्र भांडण विसरले नाहीत. गावकरी हळहळले. मला विचाराल तर लाल रंगासकट काढलेला फोटो जास्त खरा आहे. रस्त्यावरची कला रस्त्याच्या नियमांनी जगते, तिला काचेच्या पेटीत ठेवलं की ती दुसरंच काहीतरी होते.

चित्र उंच आहे. खालून वाइड लेन्सने काढलं तर भिंत मागे झुकते. रस्ता ओलांडून लांबून काढा, समोरून जाणारी सायकल किंवा बस येऊ द्या.

बँक्सी सोडून आणखी काही?

आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. लंडन स्ट्रीटच्या सुरुवातीला सेंट्रल क्लबच्या भिंतीवर कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं मोठं भित्तिचित्र आहे. १९९० च्या सुमारास स्थानिक कलाकार आणि स्वयंसेवकांनी ते रंगवलं. कॅरिबियनमधून आलेल्या लोकांची ही बैठकीची जागा होती. त्यात गायक बॉब मार्ली आहे, क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करणारी मेरी सीकोल आहे. क्लब बंद पडला, इमारत विकायच्या गोष्टी निघाल्या, आणि चित्र वाचवण्यासाठी लोक उभे राहिले. बँक्सी रात्रीत आला आणि गेला. हे चित्र ज्यांचं आहे ते इथेच राहतात. फोटोत समोरची वाहतूक येऊ द्या.

भित्तिचित्राचा फोटो विकता येतो का?

जपून. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६२ इमारती आणि सार्वजनिक जागी कायम उभी असलेली शिल्पं यांचे फोटो काढायला आणि विकायलाही मोकळीक देतं. भिंतीवरचं चित्र त्यात बसत नाही. म्हणजे फोर्बरी बागेतल्या सिंहाच्या पुतळ्याचा फोटो मगवर छापून विका, हरकत नाही. भित्तिचित्राचा तसाच फोटो विकायला कलाकाराची परवानगी लागते. परवानगीशिवाय रंगवलेल्या ग्राफिटीवर हक्क सांगता येतो का, यावर वकिलांमध्ये मतभेद आहेत. चित्र ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचा फोटो, ज्यात चित्र सहज येतं, ही वेगळी गोष्ट. कुठेही टाकताना कलाकाराचं नाव ठाऊक असेल तर लिहाच.

कोणी प्रत्यक्ष रंगवताना दिसलं तर?

परवानगीने चाललं असेल तर शिडी, रंगाचे डबे, दिवसाचा उजेड असं सगळं उघड असतं. गप्पा मारा, हवे तेवढे फोटो काढा. रात्री हुडी घालून चाललं असेल तर मालमत्तेच्या नुकसानीबद्दल १९७१ चा कायदा लागू होतो, आणि त्यांना तुमच्या कॅमेऱ्यात चेहरा नको असतो. दूर राहा.

फोर्बरी बागेतल्या सिंहाचा आपल्याशी काही संबंध आहे का?

आहे. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंद इथे ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. रेडिंगचा सिंह ६६व्या बार्कशायर पलटणीच्या ३२९ जणांच्या स्मरणार्थ १८८६ मध्ये उभा राहिला. पण त्या दिवशी बार्कशायरवाल्यांच्या शेजारी लढत होत्या त्या मुंबई सैन्याच्या तुकड्या: बॉम्बे ग्रेनेडियर्स, ३०वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, बॉम्बे घोडदळ. आपल्याकडचेही शेकडो पडले. चौथऱ्यावर नावं बार्कशायरच्या माणसांची आहेत.

सिंह १६ टनांचा, ओतीव लोखंडाचा. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स हा त्याच ब्रुअरीच्या घराण्यातला. सिंहाची चाल चुकली म्हणून त्याने जीव दिला, ही गावातली लाडकी कथा साफ खोटी आहे. तो १९२९ पर्यंत जगला. फोटो काढताना पुतळ्यापेक्षा दुपारी त्याच्या सावलीत डबा खाणारी ऑफिसची माणसं बघा.

कॅमेरा कुठला घ्यावा?

हातात आहे तो. फोन पुरतो. नवीन घ्यायचाच असेल तर ३५ एमएमच्या आसपासची एकच लेन्स, आणि पावसात टिकणारी पिशवी.

एका दिवसात काय काय होईल?

स्टेशनवरून फोर्बरी बाग, पहिल्या हेन्रीने ११२१ मध्ये स्थापलेल्या मठाचे भग्नावशेष, तुरुंगाची भिंत. तिथून केनेटच्या काठाने चालत ड्यूक स्ट्रीटचा पूल, लंडन स्ट्रीटवरचं भित्तिचित्र, मग मागे वळून सेंट मेरीज बट्स. दुपारी पबमध्ये बसा. नंतर स्मेली अॅली, तिथून पश्चिमेला ऑक्सफर्ड रोड, वाटेत रसेल स्ट्रीट आणि बेकर स्ट्रीट. पाय दुखले की १७ नंबर पकडून परत मध्यावर, बसमध्ये चढताना कार्ड टेकवलं की झालं. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर काचेतून आणखी चार फोटो होतात. रविवारी जाणार असाल तर मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात हे लक्षात ठेवा, आणि संध्याकाळच्या गाडीआधी रेल्वेच्या दुरुस्तीकामाची सूचना तपासा, कारण त्या दिवशी पॅडिंग्टनच्या गाड्यांऐवजी बस सोडण्याची इथे फार हौस आहे.